समोर कोण बसलंय?

विनोद कशावर केला यापेक्षा तो कुणासमोर केला हे जास्त महत्त्वाचं असतं, असं माझं मत आहे. तेच वाक्य घरात म्हटलं की गंमत होते, पाहुण्यांसमोर म्हटलं की अपमान. घरच्या अनुभवावरून हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं. (मावशी, तुझ्या घोरण्याचा विषय मी इथे काढलेला नाही, याची नोंद घ्यावी.) पण हाच नियम अख्ख्या समाजालाही लागू पडतो हे मला समजलं ते एका अमेरिकन चित्रपटामुळे, आणि पटलं ते आमच्या शेजारच्या ठाकुरवाडीमुळे.

चित्रपटाचं नाव 'द ओरिजिनल किंग्ज ऑफ कॉमेडी'. साल २०००, दिग्दर्शक स्पाइक ली. चित्रपट म्हटलं तरी त्यात कथा वगैरे काही नाही. स्टीव्ह हार्वी, डी. एल. ह्यूग्ली, सेड्रिक द एंटरटेनर आणि बर्नी मॅक हे चार कृष्णवर्णीय विनोदवीर १९९७ पासून अमेरिकाभर एकत्र दौरा करत होते. त्या दौऱ्यातल्या, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात झालेल्या कार्यक्रमाचं हे चित्रण. एक माणूस, एक माइक, आणि समोर बास्केटबॉलच्या स्टेडियमभर पसरलेली माणसं. एवढंच. सुमारे तीस लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटानं अमेरिकेतच तीन कोटी ऐंशी लाखांच्या आसपास कमावले. पण मला त्यातलं अर्थशास्त्र सांगायचं नाहीये.

मला सांगायचं आहे ते समोरच्या खुर्च्यांबद्दल. त्या स्टेडियमात बसलेली माणसंही बहुतांश कृष्णवर्णीयच आहेत. छान कपडे घालून, नवराबायको, मित्रमैत्रिणी, सगळे मिळून आलेले. स्पाइक लीचा कॅमेरा पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे वळतो. कुणी शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारतोय, कुणी हसताहसता खुर्चीतून उठून उभा राहतोय. हार्वी पुढच्या रांगेतल्यांची फिरकी घेतो आणि ज्याची फिरकी घेतली तोच सगळ्यात जोरात हसतो. आपण, म्हणजे कर्जतला बसून तो बघणारे, या सगळ्यात आगंतुक. आपल्यासाठी कुणी काही समजावून सांगत नाही. आणि तेच बरं वाटतं.

त्यात ह्यूग्लीचा एक विनोद आहे. तो म्हणतो त्याचा आशय असा, की आम्ही लोक काही बंजी जंपिंग करत नाही, कारण दोरीला लटकणं म्हटलं की आम्हाला लिंचिंग आठवतं. स्टेडियम खदखदून हसतं. आता विचार करा, हाच विनोद एखाद्या गोऱ्या माणसानं गोऱ्यांच्या क्लबात केला असता तर? शब्द तेच, दोरी तीच, पण विनोद उलटा झाला असता. आणि ह्यूग्लीनंच तो गोऱ्यांनी भरलेल्या सभागृहात केला असता तरी सभागृहात आधी शांतता पसरली असती आणि मग कुणीतरी सहानुभूतीनं टाळ्या वाजवल्या असत्या. शार्लटमध्ये मात्र तो फक्त विनोद आहे. ज्यांच्या पणजोबांना दोरी माहीत होती तेच हसताहेत.

सेड्रिकचं एक निरीक्षणही असंच आहे. कार्यक्रमाला उशीर झाला की गोरा माणूस मनात म्हणतो, आपल्या जागेवर कुणी बसलं नसलं म्हणजे बरं. आणि आमचा माणूस म्हणतो, बसून तर दाखवा कुणीतरी! यात वंशवाद, इतिहास, अन्याय यातला एक शब्दही नाही. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जागेवरून उठवलं गेलं त्यांना आपल्या तिकिटाच्या खुर्चीचं महत्त्व काय असतं, हे त्यात सगळं आलं.

याला मागची परंपरा आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय कलाकारांना गोऱ्यांच्या नाट्यगृहांची दारं बंद होती, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नाट्यगृहांची आणि क्लबांची एक साखळी तयार झाली. तिला चिटलिन सर्किट म्हणत. हार्लेममधलं अपोलो हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. गावोगाव फिरायचं, आपल्याच लोकांसमोर उभं राहायचं, त्यांना हसवता आलं नाही तर त्यांच्याच शिव्या खायच्या. या चौघांचा दौरा म्हणजे त्याच वाटेचं मोठं झालेलं रूप.

आता गावोगाव फिरायचं, आपल्या लोकांसमोर उभं राहायचं, हे वाचून तुम्हाला तमाशा आठवला असेल. मलाही आठवला. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत ट्रकमध्ये तंबू, कनाती आणि माणसं घालून फिरणारे फड. नारायणगावच्या राहुट्यांमध्ये येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवणारे गावकरी. गण, गौळण, मग बतावणी, मग वग. यातली बतावणी म्हणजे आपलं स्टँडअपच आहे की! हातात माइक, समोर हजारो माणसं, संहिता फक्त डोक्यात, आणि आज या गावात सरपंचाची काय भानगड चालू आहे हे संध्याकाळीच विचारून ठेवलेलं.

आणि कलाकार कोण? सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगात हे दोघं हवालदार व्हायचे आणि लोक नुसत्या एंट्रीला हसायचे. घाट चढून गेलं की तळेगावजवळच्या इंदुरीचे दादू इंदुरीकर, खरं नाव गजानन सरोदे. 'गाढवाचं लग्न'मधला त्यांचा सावळ्या कुंभार एवढा गाजला की १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तमाशातले बरेचसे कलाकार गावकुसाबाहेरच्या जातींतले. ज्या पोलिसाला, पाटलाला, सावकाराला दिवसा खाली मान घालून जोहार करायचा, त्यालाच रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात गाढव ठरवायचं. आणि समोर मातीत बसलेल्यांत त्यांच्यासारखेच लोक जास्त. पाटीलही असायचे, हे खरं. पण त्या रात्री पाटलांनाही हसणं भाग असायचं.

मात्र आपण पांढरपेशांनी यातलं काय जपून ठेवलं? पुलंची 'बटाट्याची चाळ', लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. ही दोन्ही मी पारायणं करून ऐकलीत आणि पुढेही ऐकणार, त्यांच्याबद्दल एक अक्षर वाकडं बोलायचं नाही. पण ती जपली गेली कारण ती आपली होती. 'आपली' म्हणजे ज्यांच्या घरात टेपरेकॉर्डर आधी आला त्यांची. तमाशाच्या वगांच्या कॅसेटी निघाल्या, पुढे सीडी निघाल्या, एसटी स्टँडवरच्या टपरीवर विकल्या गेल्या. पण तंबू, माती, समोरची माणसं, पहाटे तीनला डुलक्या खाणारी पोरं आणि बतावणीला जाग्या होणाऱ्या म्हाताऱ्या, हे सगळं धरून, एखाद्या मोठ्या दिग्दर्शकानं काळू-बाळूंच्या एका रात्रीचा थिएटरात लागणारा चित्रपट केलाय, असं माझ्या पाहण्यात नाही. आपण सोंगाड्या सिनेमात घेतला, त्याची बोली घेतली, त्याची चड्डीची नाडी घेतली. त्याचा प्रेक्षक मात्र तंबूतच सोडून आलो.

असो. आता ठाकुरवाडी.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कर्जत-खालापूर भागात ठाकुरवाडी नावाचं एकच ठिकाण नाही. ठाकर समाजाची वस्ती ती ठाकुरवाडी. माथेरानच्या पायथ्याशी जा नाहीतर कशेळ्यावरून खांडस-पेठच्या बाजूला जा, डोंगराच्या कुशीत कुठेतरी वीस-पंचवीस घरं दिसली की बऱ्याच वेळा पाटीवर तेच नाव. आमच्या घरापासून चालत पाऊण तासावर अशीच एक वाडी आहे. तिथे एक आजोबा आहेत. नाव देत नाही, कारण त्यांनी परवानगी दिलेली नाही आणि आता मी का देत नाहीये हे तुम्हाला पुढे कळेलच. हे आजोबा म्हणजे वाडीचे बर्नी मॅक. लग्नात, बारशात, आवणी आटपल्यावर ओटीवर चार माणसं जमली की यांचं सुरू होतं.

त्यांचे विषय साधे असतात. शनिवारी पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन येणारे ट्रेकर. "माझा बाप माथेरानला डोक्यावर ओझी वाहायचा, त्याचे त्याला पैसे भेटायचे. हे लोक पैसे भरून ओझी वाहत्यात. आन् वर आपल्याला इचारत्यात, तुम्ही शिकलेले का नाय?" फार्महाऊसचे मालक. मालक गाडीतून उतरतात, लांब श्वास घेतात, काय शांतता आहे म्हणतात आणि डिकीतून स्पीकर काढतात. "शांतता सोमवारी येती शेठ, तुम्ही गेल्यावर." हे ते मालकाची चाल, पोट, मोबाइल धरायची तऱ्हा सगळं करून दाखवतात. ज्या पोरांनी दिवसभर त्याच मालकाच्या गेटवर वॉचमनकी केलेली असते ती पोरं ओटीवर लोळतात.

पण त्यांचा सगळ्यात भारी विषय म्हणजे जातीच्या दाखल्याची पडताळणी.

याची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. ठाकूर किंवा ठाकर ही अनुसूचित जमात. पूर्वी ही नोंद काही ठराविक तालुक्यांपुरतीच होती (आपले कर्जत आणि खालापूर त्यात होते), १९७६ च्या कायद्यानं ते क्षेत्रबंधन उठलं. पण ठाकूर हे आडनाव इतर समाजांतही आहे, त्यामुळे खरे कोण आणि खोटे कोण याची तपासणी आली. त्या तपासणीत कागदपत्रांबरोबर आणखी एक गोष्ट बघितली जाते, तिला आप्तभाव चाचणी म्हणतात. तुमचे देव कोणते, सण कोणते, लग्नात काय करता, नाच कोणता, बोली कशी, वगैरे. म्हणजे तुम्ही तुमच्या जमातीसारखे आहात की नाही. कॉलेजात गेलेला, शर्टपँट घालणारा, शहरी मराठी बोलणारा पोरगा या चाचणीत अडकतो. ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या प्रकरणात मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ही चाचणी म्हणजे काही शेवटची कसोटी नव्हे, जुने कागद आणि बाकीचे पुरावेही बघावे लागतील. न्यायालयाला हे सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

आजोबांच्या नकलेत ते साहेबही होतात आणि पोरगाही होतात. साहेब विचारतो, तुमचा नाच कसा असतो? पोरगा म्हणतो, साहेब, ढोल घरी राहिला. मग नुसता करून दाखव. पोरगा बिचारा साहेबाच्या टेबलासमोर दोन पावलं टाकतो. साहेब फाइलीत बघतो, मान हलवतो. "पाय चुकला. तू ठाकर नाय." मग आजोबा थांबतात, तंबाखू मळतात, आणि म्हणतात, "आन् शाळंच्या गॅदरिंगला त्या पोरींनी आंगाला काळं लावून, डोक्याला कोंबड्याची पिसं खवून झिंगालाला केलं, त्यांना पहिला नंबर दिला. दाखला बी त्यांनाच देऊन टाका!"

ते गॅदरिंग मीही पाहिलं आहे. शाळेचं नाव घेत नाही, आणि घ्यायची गरजही नाही, कारण असं 'आदिवासी नृत्य' तुम्हीही कुठल्या ना कुठल्या गॅदरिंगमध्ये पाहिलं असेलच. पालक कौतुकानं हसत होते. मागच्या रांगेत वाडीतली चार मुलं बसली होती, त्याच शाळेत शिकणारी. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. नुसती बघत होती, आपल्याशी याचा काही संबंध आहे की नाही हे न कळल्यासारखी. तोच प्रकार ओटीवर आजोबांच्या तोंडून आला तेव्हा हीच मुलं गडागडा लोळत होती. शाळेत ती विनोदाचा विषय होती, ओटीवर विनोदाची मालक होती. मी म्हणतोय तो फरक हा.

आता तुम्ही म्हणाल, मग आजोबांना स्टेजवर आणा की! आणून पाहिलंय. आमच्याकडे मुंबईहून काही पाहुणे आले होते, चांगली, समंजस माणसं. आजोबा आले, बसले, चहा घेतला. पण साहेबाची नक्कल नाही, फार्महाऊसचे शेठ नाहीत, ट्रेकर नाहीत. त्यांनी केला दारू पिऊन झोकांड्या खाणारा ठाकर. अप्रतिम केला. पाहुणे पोट धरधरून हसले. नंतर मी विचारलं, बाबा, आज दाखला नाही केलात? तर म्हणाले, "त्यांना जे पायजे ते दिलं. दाखला आपला हाय."

हे वाक्य ऐकलं आणि मला डेव्ह शपेल आठवला. तोही कृष्णवर्णीय विनोदवीर, टीव्हीवरचा त्याचा कार्यक्रम प्रचंड लोकप्रिय. २००५ साली कोट्यवधी डॉलरचा करार अर्ध्यावर टाकून तो आफ्रिकेला निघून गेला. कारण म्हणून त्यानं पुढे जे सांगितलं त्यात एक हसू होतं. वंशावरच्या एका प्रहसनाचं चित्रीकरण चालू असताना सेटवरचा एक गोरा माणूस हसला, आणि ते हसू शपेलला खटकलं. तो आपल्याबरोबर हसत नसून आपल्याला हसतोय, असं वाटलं. शपेलला ते कोट्यवधी डॉलर सोडून कळलं, आमच्या आजोबांना ते एका चहाच्या कपात आधीच माहीत होतं.

याचा अर्थ 'आपल्यांतला' विनोद म्हणजे काही गंगाजल, असं मात्र मी म्हणत नाही. त्या चित्रपटातही बायकांवरचे, समलिंगी माणसांवरचे काही विनोद आज ऐकवत नाहीत. राजे चार आणि राणी एकही नाही. (पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, 'द क्वीन्स ऑफ कॉमेडी' नावाचा चार बायकांचा चित्रपट निघाला हे बरं झालं.) तमाशातल्या द्व्यर्थी बतावणीचा भार कुणाच्या अंगावर पडायचा हे सांगायला नको. आणि ठाकुरवाडीच्या ओटीवर कातकऱ्यांवरचे विनोदही होतात. ठाकर स्वतःला कातकऱ्यांपेक्षा वरचे समजतात. कातकरवाडीच्या ओटीवर ठाकरांचं काय होत असेल ते ऐकायला मला आवडेल, पण तिथे मला अजून कुणी बसवून घेतलेलं नाही. प्रत्येक ओटीच्या खाली आणखी एक ओटी असते.

तरीसुद्धा माझं मत ठाम आहे. खालच्यांचा विनोद वरच्यांच्या दिवाणखान्यात नेला की तो मरतो किंवा खोटा होतो. बर्नी मॅकचं उदाहरण बघा. त्या चित्रपटात त्यानं व्यसनात अडकलेल्या बहिणीची मुलं घरी आणल्याची लांबलचक गोष्ट सांगितली. त्याची भाषा टीव्हीवर चालण्यातली नव्हतीच. पण पुढच्याच वर्षी त्याच गोष्टीवर त्याची टीव्ही मालिका आली आणि ती चाललीसुद्धा. म्हणजे बाहेरच्यांना पचणार नाही ही भीती नेहमी खरी नसते. पण क्रम बघा. आधी ती गोष्ट आपल्यांसमोर पूर्ण ताकदीनं सांगितली गेली, ती चित्रपटात तशीच्या तशी नोंदली गेली, आणि मग जग तिच्याकडे आलं. तो २००८ साली गेला, अवघ्या पन्नाशीत. ती रात्र मात्र राहिली.

आपल्याकडेही आता काही घडतंय. 'ब्लू मटेरियल' नावानं काही दलित विनोदवीर एकत्र कार्यक्रम करतात. त्यात बीडची अंकुर तांगडे आहे, बस्तरमधून आलेला मनजीत सरकार आहे. विनोदाच्या धंद्यात ब्लू म्हणजे चावट, आणि निळा रंग कुणाचा हे महाराष्ट्राला सांगायला नको, त्यामुळे नावातच अर्धा विनोद झालेला आहे. ही मंडळी आरक्षणावर, आडनावावर बोलतात आणि समोर बसलेल्यांत त्यांची माणसं असतात. चौघांचा तो दौरा आणि ही मंडळी यांच्यात पैशाचं अंतर केवढंही असो, जात एकच. म्हणजे विनोदाची जात म्हणतोय मी.

आणि ठाकुरवाडीत? तिथल्या पोरांच्या हातात आता मोबाइल आहेत. रेंज येते ती टाकीजवळच्या दगडावर उभं राहिलं की. पोरं रील करतात, पण बरीचशी सिनेमाच्या गाण्यांवर. एकाला मी म्हटलं, आजोबांचा दाखला शूट कर ना. तो म्हणाला, बाबांनी अट घातलीय. शूटिंग करा, पण ओटीवरच, सगळे बसलेले असताना. आणि आधी वाडीत पडद्यावर दाखवायचं, वाडी हसली तरच बाहेर.

स्पाइक लीला शार्लटमध्ये जे सुचलं ते हेच. माझं तर म्हणणं आहे, की सरकारनं, विद्यापीठांनी, लोककलेच्या नावानं सेमिनार भरवणाऱ्या सगळ्यांनी ही अट लिहून भिंतीवर लावावी. कलाकाराला उचलून एसी सभागृहात आणू नका, कॅमेरा ओटीवर न्या. प्रेक्षकांनाही चौकटीत घ्या. बोली सुधारू नका, आपल्याला कळली नाही तर खाली शब्द लिहा, आपण वाचू. आणि हसायची पहिली पाळी आपली नाही हे मान्य करा.

तोवर एवढंच करता येईल. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, गावच्या घरात, आजोबांच्या ट्रंकेत तमाशाच्या बतावणीची कॅसेट असेल, विशेषतः यात्रेत तंबूतच भरून घेतलेली, मागे माणसांचा गलका असलेली, तर ती खराब म्हणून टाकू नका. बदलापूरच्या काकांकडे दोन आहेत असं कळतं. काका, मी येतोय. तो गलका पुसून कुणी स्वच्छ करून देतो म्हणाला तर देऊ नका. त्या कॅसेटवर जपण्यासारखं निम्मं तरी त्या गलक्यातच आहे.